‘देकासेगी’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: हवाई बेटांवर गेलेल्या जपानी मजुरांवर लेख लिहितेय. ‘देकासेगी’ या शब्दाशी गाडी अडलीय. ‘दे’ म्हणजे बाहेर पडणं, ‘कासेगी’ म्हणजे कमाई. मी सगळीकडे ‘स्थलांतरित’ लिहिलं, पण ते खटकतंय. ८ फेब्रुवारी १८८५ला ‘सिटी ऑफ टोकियो’ ही आगबोट योकोहामाहून होनोलुलूला पोचली. तिच्यातले ९००हून अधिक लोक तीन वर्षांच्या करारावर आले होते. पुरुषाला महिना ९ डॉलर पगार, वर जेवणाखाणाचे ६. चार पैसे गाठीला बांधायचे आणि गावी परतायचं, एवढाच बहुतेकांचा हिशोब. ‘स्थलांतरित’ म्हटलं की बिऱ्हाड हललं असं वाटतं.

रत्नागिरीहून: ताई, शब्द घरातच आहे की. चाकरमानी! आमचे आजोबा उभा जन्म मुंबईत राहिले, पण गावाच्या लेखी शेवटपर्यंत चाकरमानीच. पाय तिकडे, जीव इकडे.

बीडहून: चाकरमान्यात नोकरीचा, पगारदाराचा वास येतो हो. हे लोक उसाच्या फडात राबत होते. आमच्याकडे म्हणतात ‘तोडीला गेलेत’ किंवा नुसतं ‘जगायला गेलेत’. तिथल्या उसात ‘होलेहोले’ असा हवाईयन शब्द आहे, म्हणजे उभ्या उसाची वाळली पानं ओढून काढायची. मराठीत सरळ ‘पाचट काढणं’. बायका हे काम करत आणि करताना गात, त्या गाण्यांना ‘होलेहोले बुशी’ म्हणतात. पाचटाच्या कडा हाताला कशा कापतात ते फडात गेलेल्यालाच ठाऊक. आणखी एक. आमच्याकडे नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजतात, तिकडे मजुराला ‘बांगो’ असायचा. बांगो म्हणजे नंबर, धातूच्या बिल्ल्यावर ठोकलेला. मुकादमाच्या तोंडी नाव नाही, नंबरच.

प्रश्नकर्ती: ‘जगायला गेलेले’ फार आवडलं! पण त्यात दुष्काळाची लाचारी आहे. हे बरेचसे हिरोशिमा-यामागुचीचे शेतकरी. नड होतीच, पण परत येऊन जमीन घेऊ ही उमेदही होती.

पुण्याहून: ‘गिरमिटिया’ का नको? मॉरिशसला गेलेले आपले मराठी लोकही करारावरच गेले होते.

रत्नागिरीहून: अहो, मराठीत गिरमिट म्हणजे सुताराचं भोक पाडायचं हत्यार! वाचक बुचकळ्यात पडेल.

बीडहून: शिवाय तो शब्द इंग्रजांच्या वसाहतींचा. करार सांगायचा तर ‘करारी मजूर’ लिहा. जपानीतही त्यासाठी वेगळा शब्द आहे, ‘कान्याकू इमिन’, म्हणजे सरकारी कराराने गेलेले. १८८५ ते १८९४ या काळात असे सुमारे २९,००० लोक गेले. ‘कान्याकू’ने करार कळतो, ‘देकासेगी’ने मनातलं कळतं. दोन्हींना एकच मराठी शब्द चिकटवू नका.

प्रश्नकर्ती: पटलं. पहिल्यांदा ‘देकासेगी’ तसाच ठेवते, पुढे ‘कमवायला गेलेले’. जे तिथेच राहिले, ज्यांची पोरंबाळं तिथे वाढली, त्यांच्यासाठी मात्र ‘स्थलांतरित’ चालेल ना? त्यांना पुढे ‘इस्सेई’, पहिली पिढी, म्हणू लागलेच.

रत्नागिरीहून: चालेल. आणि प्रवासाच्या प्रकरणात ‘समुद्री आजार’ लिहिलंयत, ते आधी खोडा. ‘बोट लागली’ लिहा. गाडी लागते तशी बोट लागते. कोकणच्या बोटीने मुंबईला गेलेल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, अजून तोंड वाकडं करेल.

पुण्याहून: एक राहिलं. १८६८मध्ये गेलेल्या ‘गान्नेन-मोनो’ लोकांनाही तुम्ही आगबोटीत बसवलंय. ‘गान्नेन’ म्हणजे पहिलं वर्ष, मेइजी राजवटीचं. जेमतेम दीडशे माणसं, आणि त्यांचं ‘सायोटो’ शिडाचं जहाज होतं. त्याला महिन्याहून जास्त लागला. ‘सिटी ऑफ टोकियो’ने तोच पल्ला बारा दिवसांत काढला. तेवढी ‘आग’ पुसा.