अनुभव धागा: सापडलं, पण कुठे वाचलंत?

पानगळ: भाची शाळेचा प्रकल्प करत बसली होती. "मावशी, शनीला चंद्र किती?" मी फोनला विचारलं, वरच्याच चौकटीत आकडा आला, तो सांगून टाकला: 82. तिने वहीत लिहिलं आणि लगेच विचारलं, "कुठे वाचलंस?" मला सांगता येईना. पान उघडलंच नव्हतं. 'इंटरनेटवर' म्हणाले, तर म्हणे बाई ते चालवून घेत नाहीत.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. बातमी किंवा माहिती शोधायची तुमची पद्धत कशी बदलली? मतं नकोत, ती भरपूर झाली. घडलेला प्रसंग सांगा. छोटा चालेल.

टाचण: मी एका वर्तमानपत्राच्या कात्रण विभागात होतो, संगणक यायच्या आधी. सकाळी सगळे अंक समोर, हातात कात्री, बाजूला डिंकाची बाटली. कात्रण कोऱ्या कागदावर चिकटवायचं, अंकाचं नाव, पान क्रमांक, कोपऱ्यात तारखेचा शिक्का, मग विषयाच्या पाकिटात. भांडणं व्हायची ती पाकिटावरून. धरण फुटल्याची बातमी 'पाटबंधारे'मध्ये टाकायची की 'अपघात'मध्ये? एका पाकिटात गेली की दुसरं पाकीट उघडणाऱ्यासाठी ती छापलीच गेली नव्हती म्हणा ना. अग्रलेखाच्या घाईत सगळे माझ्याकडे धावायचे, कारण काय कुठे आहे ते माझ्याच डोक्यात. मी रजेवर गेलो की माहितीही रजेवर.

त्यामुळे शोधयंत्राबद्दल माझ्या तोंडून वाईट निघायचं नाही. कुठलाही शब्द टाका, बातमी हजर. पण शिक्का गेला. परवा पुराची एक बातमी फिरत होती, घाबरून दोघांनी मला फोन केला. उघडली तर सहा वर्षांपूर्वीची. तारीख होती, नाही असं नाही; मथळ्याखाली बारीक करड्या अक्षरांत. आणि पुढे पाठवताना ती गळूनच पडते. आम्ही शिक्का मुद्दाम वाकडा मारायचो, नजर अडखळावी म्हणून.

कानाने वाचणारा: मला दिसत नाही. लहानपणी बाबा पेपर वाचून दाखवायचे आणि मला वाटायचं, पेपर तेवढाच असतो. पुढे कळलं की गुन्ह्यांच्या बातम्या आणि सिनेमाचं पान ते गाळायचे. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, आलं तेव्हा काय गाळायचं हे पहिल्यांदा मी ठरवलं. पहिला आठवडा नुसते गुन्हे वाचले!

अडचण वेगळीच निघाली. जुन्या मराठी साइट आपापले फॉन्ट वापरायच्या. डोळ्यांना 'पाऊस' दिसायचा, पण आत साठवलेली असायची रोमन अक्षरं आणि चिन्हं. माझा रीडर काहीतरी बरळत सुटायचा. शोधयंत्रालाही तेच बरळणं दिसतं, म्हणून त्या काळातलं कितीतरी लिखाण नेटवर असूनही मराठी शब्द टाकून सापडत नाही. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला संकेत, रुळल्यावर हे सुटलं. ई-पेपर मात्र पुष्कळदा अजून पानाचा फोटोच असतो. रीडर म्हणतो 'चित्र', आणि गप्प.

सावध: आईच्या गोळीबद्दल विचारलं. वरच्या सारांशात आलं, 'उपाशीपोटी घ्यावी'. पान उघडलं तर ते वाक्य नावाने जवळच्या, पण दुसऱ्याच गोळीबद्दल. आता डॉक्टरांनाच विचारते. एवढंच.

रात्रपाळी: मी बातम्यांच्या साइटवर मथळे लावते. पूर्वी मथळ्यात कोटी साधली की शाबासकी मिळायची. आता लोक शोधताना जे टाइप करतात तेच मथळ्यात हवं: 'ग्रहण कधी, किती वाजता, कुठे दिसणार'. एकाच ग्रहणावर एका दिवसात अशा पाच बातम्या केल्यात. लाज वाटते, पण केल्यात.

गुगल न्यूज 2002 मध्ये सुरू झालं, तेव्हा मथळा आणि दुवा मिळायचा. पुढचं वाचायला माणूस साइटवर यायचा. मे 2024 मध्ये गुगलने अमेरिकेत शोधनिकालांच्या वर एआयचे सारांश द्यायला सुरुवात केली, मग इतर देशांतही. ग्रहणाची वेळ तिथेच कळली तर आमच्या दारात कोण कशाला येईल? खरं सांगायचं तर मीही जात नाही. परवा माझ्याच बातमीतली वेळ मी सारांशात बघितली.

इकडून तिकडे: मावसभाऊ कॅनडात असतो. ऑगस्ट 2023 पासून तिथे फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर बातम्यांचे दुवे दिसत नाहीत. बातम्यांबद्दल मोठ्या कंपन्यांनी वृत्तसंस्थांना मोबदला द्यावा असा कायदा तिथे झाला; फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक मेटा, तिने मोबदल्याऐवजी बातम्याच काढून घेतल्या. त्याच महिन्यात तिथे मोठे वणवे पेटले होते. त्याच्या ओळखीतले लोक आता बातमीचा स्क्रीनशॉट टाकतात. दुवा नाही, पुढचा मजकूर नाही. टाचणकाका, शिक्क्याचं तर नावच नको.

नामसाधर्म्य: माझ्याच नावाचा, आडनावासकट, एक माणूस फसवणुकीच्या खटल्यात अडकला होता. पुढे सुटला. पण अटकेची बातमी पानभर, सुटकेची चार ओळी. शोधात अटकच वर. मुलाखतीत समोरच्याने संगणकाकडे बघत विचारलं, "आधी काय करत होतात?" त्या 'आधी'चा अर्थ मला घरी आल्यावर लागला.

युरोपीय न्यायालयाने 13 मे 2014 रोजी निकाल दिला, की नावाने शोधल्यावर येणारे कालबाह्य किंवा गैरलागू दुवे काढून टाकायची मागणी माणूस करू शकतो. पण माझ्या बाबतीत कोण काय काढणार? बातमी खरी आहे. फक्त माझी नाही. हल्ली अर्जात वडिलांचं नाव ठळक अक्षरांत टाकतो.

पानगळ: वाचतेय सगळं. टाचणकाका, तुमच्यामुळे ते पान शेवटी उघडलं. लेख ऑक्टोबर 2019 चा. तेव्हा शनीचे 20 नवे चंद्र जाहीर झाले होते आणि एकूण 82 हे बरोबरच होतं. मधल्या वर्षांत आणखी सापडत गेले, आणि मार्च 2025 मध्ये एकदम 128 ना मान्यता मिळाली, तेव्हा एकूण 274 झाले. भाचीला कळवलं. तिने 82 खोडलं नाही, शेजारी 2019 लिहिलं आणि खाली नवी ओळ घातली.

टाचण: वाकडं लिही म्हणावं.