राइड ४: जॉइंट ब्रेक बंद केल्यापासून वळणावर आडवा होतोय, मदत हवी आहे

पीएस४ वर राइड ४ हा बाइक रेसिंगचा गेम खेळतोय, साधा पॅड. पावसातल्या नॉर्दर्न आयर्लंडच्या त्या व्हायरल क्लिपमुळेच घेतला, आणि हेल्मेटच्या काचेवरचे थेंब बघून आजही पैसे वसूल वाटतात. पण हौस म्हणून जॉइंट ब्रेक (एकाच बटणाने पुढचा-मागचा दोन्ही ब्रेक लावणारी सेटिंग) बंद केला नि घोडं अडलं.

सरळ रस्त्यावर काही त्रास नाही. गाडी वळणात झुकवली, पुढचा ब्रेक जरासा जरी दाबलेला राहिला, की पुढचं चाक सटकतं आणि मी गवतात. नॉर्डश्लाइफ हा जर्मनीतला ट्रॅक २० किलोमीटरच्या वर, त्यात रिवाइंड (वेळ मागे नेऊन चूक सुधारणं) किती वेळा मारणार?

ब्रेक लवकर मारून पाहिला, तर मागचे सगळे पुढे जातात. १००० सीसी सोडून ३०० सीसीवर आलो, मागचं चाक घसरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल वाढवला (तो वळणातून बाहेर पडताना, गॅस देतानाच उपयोगी, हे नंतर कळलं). एबीएस चालू आहे. जॉइंट ब्रेक पुन्हा चालू करा, एवढं मात्र सांगू नका.

झुकताना पुढचा ब्रेक नेमका कधी आणि किती सोडायचा? की आधी सस्पेन्शनच्या सेटिंगला हात घालू?