खाडीतल्या तेलाने जाळी गेली, भरपाईचा अर्ज कसा करायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही नवी मुंबईच्या दिवाळे कोळीवाड्यातले. गेल्या आठवड्यात भरतीबरोबर खाडीत काळं तेल आलं. मामाची दोन जाळी चिकट होऊन बसलीत. रॉकेलने पुसून पाहिली, पण वास काही जात नाही, आणि त्यात सापडलेली कोळंबी फुकटसुद्धा कुणी घेईना. तेल कुठून आलं ते अजून कुणी कबूल केलेलं नाही. करतंय कोण!

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या (पर्यावरणाचे दावे चालवणारं न्यायालय) कायद्यात कलम १५ खाली नुकसानभरपाई मागता येते, मुदत ५ वर्षं, आणि आपल्याकडचं खंडपीठ पुण्याला, इथवर कळलंय. २०११ साली मुंबईजवळ एमव्ही राक जहाज बुडून तेल सांडलं, त्यात २०१६ ला १०० कोटी भरायचा आदेश झाला होता. पण ती रक्कम पर्यावरणाच्या हानीची, केंद्राच्या जहाज मंत्रालयाकडे भरायची. मामाच्या जाळ्याचं काय?

खरी अडचण मामीची आहे. ती चिखलात उतरून चिंबोऱ्या, कालवं काढते. होडी नाही, परवाना नाही, विक्रीची पावती तर कधीच नव्हती. तिचं रोजचं उत्पन्न सिद्ध कसं करायचं?

पंचनामा मत्स्यव्यवसाय खात्याने करायचा की तलाठ्याने? दोघं एकमेकांकडे बोट दाखवतायत. तेलाचा नमुना आम्ही बाटलीत भरून ठेवलाय, तो चालेल का? उरण, करंजा, ठाणे खाडीकडे कुणी असा दावा केला असेल तर कृपया सांगा. जाळी अजून धुतली नाहीत, तशीच ठेवू का?