प्रतिसाद: नुसतं भाषांतर पुरत नाही

हिपॅटायटिस आणि एचआयव्ही तपासणीची पत्रकं सोमालीत छापली की निम्मं काम झालं, हे या चर्चेत कुणीतरी लिहिलंय ते अर्धंच पटलं. अमेरिकेत मिनीॲपोलिसला सीडर-रिव्हरसाइड या सोमाली वस्तीच्या भागात मी अधूनमधून तपासणी शिबिरात टेबल लावायला जाते. सोमालीत हिपॅटायटिसला, म्हणजे यकृताच्या सुजेला, 'अगारशो' म्हणतात, आणि तो शब्द आपल्या 'कावीळ'सारखाच. डोळे पिवळे नाहीत म्हणजे आजार नाही, विषय संपला! हिपॅटायटिस बी मात्र बहुतेकदा जन्माच्या वेळी किंवा लहानपणीच लागतो आणि वर्षानुवर्षं यकृतात गुपचूप बसतो. एका आजींनी रिपोर्टची घडी मुठीत धरून पहिलं विचारलं, "नातवंडांची ताटं वेगळी करू का?" एका ताटात जेवल्याने तो पसरत नाही हे पत्रकात शोधलं, तर शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात.

एचआयव्हीची भीती वेगळी, कागदपत्रांची. बाधितांना अमेरिकेत प्रवेश नाकारणारा नियम जानेवारी 2010 मध्ये रद्द झाला, तरी "पॉझिटिव्ह आलं तर परत पाठवतील" हे अजून ऐकू येतं. तेव्हा आम्ही आता आधी तो नियम गेल्याचं सांगतो, सुई नंतर.