फलाट भरला की गर्दी थोपवायची कुठे? (नाशिकरोड, सिंहस्थ 2027)

देवळालीकर: सिंहस्थात नाशिकरोडच्या पुलांवरची गर्दी कशी आवरायची, याचं टिपण स्वयंसेवकांसाठी करतोय. भुयारी मेट्रोत फलाट वाढवता येत नाही, तरी निभतं. तिथे काय करतात? 3 मीटर रुंद जिन्यावरून मिनिटाला किती माणसं धरायची?

मोजपट्टी: लंडनच्या भुयारी रेल्वेत एकेरी जिन्याला दर मीटर रुंदीमागे मिनिटाला 35 माणसं धरतात, दुहेरीला 28. म्हणजे तुमचा जिना एकेरी 105, दुहेरी 84. गाडीतून 1200 उतरले तर एकेरीने साडेअकरा मिनिटं, दुहेरीने सव्वाचौदा. पुढची गाडी 12 मिनिटांत आली की दुहेरीत साठा चढायला लागतो. रुंदी सर्वांत अरुंद जागी मोजा. कठड्याला टेकून बसलेली माणसंही रुंदी खातात. हे आकडे रोजच्या नोकरदारांचे आहेत. डोक्यावर बोचकं, कडेवर पोर असलेल्या यात्रेकरूंसाठी मी पाऊणपटच धरेन.

वरचा_दरवाजा: थोपवायचं ते बाहेर, मोकळ्या जागेत. जिन्यावर कधीच नाही. आधी प्रवेश बंद, मग खाली नेणारा सरकता जिना रिकामा होऊ द्यायचा, मग तो थांबवायचा. क्रम चुकला तर जिना माणसं ओततच राहतो आणि खाली पाय ठेवायला जागा नसते. भरलेल्या जिन्याचं लाल बटण दाबलं तर झटक्याने लोक कोसळतात. ते कुणी पडलं-अडकलं तरच.

फलाटावर कॅमेऱ्यात दिसेल असा 2 बाय 2 मीटरचा चौकोन रंगवा. आत 8 माणसं दिसली की दरवाज्यावर 'सावकाश', 12 ला 'बंद'. 20 च्या पुढे पाय कुठे पडतो ते माणसाच्या ताब्यात राहत नाही.

पंचवटी_पास: सरकत्या जिन्याची एक बाजू चालणाऱ्यांना मोकळी ठेवली तर?

मोजपट्टी: नको. लंडनच्या होलबर्न स्थानकात 2015 साली दोन्ही बाजूंना उभं राहायला लावून पाहिलं. गर्दीच्या वेळी क्षमता सुमारे 30 टक्क्यांनी वाढली. उंच जिन्यावर चालणारे थोडेच, म्हणून ती बाजू अर्धी रिकामीच जाते.

वरचा_दरवाजा: फलाट आयत्या वेळी बदलू देऊ नका, हे टिपणात सर्वांत वर लिहा. 15 फेब्रुवारी 2025 ला नवी दिल्ली स्थानकात जिन्यावर चेंगराचेंगरीत 18 जण गेले. डोक्यावरचं मोठं ओझं जिन्यावर पडलं, हे कारण रेल्वेमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलं. सारख्या नावांच्या गाड्यांच्या घोषणेचा गोंधळही बराच चर्चेत होता. तेव्हा घोषणेत नुसतं नाव नको. गाडी क्रमांक आणि 'मुंबईकडे' की 'भुसावळकडे' हे आधी. थांबण्याचे मंडपही दिशेप्रमाणे वेगळे.

देवळालीकर: आणि बोचक्यांचं?

मोजपट्टी: पुलाच्या पायथ्याशी, वाटेच्या बाहेर, कमरेइतक्या उंचीचा कट्टा. ओझं तिथे टेकवून, नीट बांधून मग चढायचं. मधल्या पायरीवर सुटलेली गाठ बांधायला एक जण वाकला की मागची अख्खी रांग त्याच्यावर येते.