नव्या घोडीला स्ट्रँगल्स (घोड्यांचा घशात गाठी येणारा संसर्गजन्य रोग), बाकीची सहा जनावरं कशी वाचवू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे घोडे आहेत, वरातीला देतो. यंदा सारंगखेड्याच्या यात्रेतून मारवाडी घोडी आणली आणि जागा नव्हती म्हणून त्याच रात्री बाकीच्यांच्या शेजारी बांधली, तिथंच चुकलो. आठव्या दिवशी तिने हरभरा सोडला, ताप १०४, जबड्याखाली लिंबाएवढी गाठ, दोन्ही नाकपुड्यांतून घट्ट पिवळा शेंबूड. परवा हौदात पाणी पिऊन तिने मान वर केली तर शेंबडाची तार पाण्यातच लोंबत राहिली आणि लगेच आमचं दीड वर्षाचं शिंगरू तिथंच प्यायला लागलं, माझ्या पोटात गोळाच आला.

डॉक्टरांनी स्वॅब घेतलाय, ग्लँडर्स (घोड्यांचा दुसरा, जीवघेणा रोग) नको निघायला म्हणून रक्तपण पाठवलंय, पण लक्षणं स्ट्रँगल्सचीच म्हणाले. घोडी आता मागच्या रिकाम्या गोठ्यात आहे, चाळीसेक फुटांवर. एवढं अंतर पुरतं का? मोतद्दार (घोड्यांची देखभाल करणारा माणूस) एकच आहे, दोन्हीकडे तोच जातो. आणि पुढच्या आठवड्यात दोन वराती घेतल्यात, धडधाकट घोडे पाठवू का?

उत्तर:
दादा, वराती आजच रद्द करा. लागण झाल्यावर ३ ते १४ दिवस जनावर ठणठणीत दिसतं, तुम्ही दुसऱ्याच्या पागेत रोग नेऊन सोडाल. अंतराचं म्हणाल तर हा फ्लूसारखा खोकल्यातून लांबवर उडत नाही, शेंबूड आणि पू जिथं लागेल तिथून जातो, म्हणजे हौद, तोबरा (चंदीची पिशवी), मोरकी (तोंडाला बांधायची दोरी), खरारा (अंग घासायचा ब्रश), माणसाचे हात. हौद उपसून घासून घ्या आणि प्रत्येकाला स्वतःची बादली द्या. मोतद्दाराने आधी निरोगी घोडे उरकायचे, आजारी घोडी शेवटी, तिच्यासाठी गमबूट आणि कपडे वेगळे. ग्लँडर्सचा रिपोर्ट येईपर्यंत हातमोजे, मास्क लावाच, तो माणसालाही होतो.

सगळ्यात महत्त्वाचं, सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाचा ताप मोजून लिहून ठेवा. ताप आधी येतो, नाक एक-दोन दिवसांनी वाहतं, तेवढ्यात बाजूला काढलंत तर साखळी तुटते. घोडी बरी दिसली तरी लगेच आत घेऊ नका, काहींच्या घशामागच्या पिशवीत जंतू महिनोनमहिने राहतात, डॉक्टरांकडून तपासून घ्या.

मूळ धागाकर्ता:
खूप आभार. दोन्ही वऱ्हाडांना फोन करून नाही म्हणून सांगितलं. शिंगराचा ताप आत्ता १०२.८ आला, नाक कोरडंय. घोडीजवळ बांधू का?

उत्तर:
नको, तिसरीकडे एकटंच बांधा, दुसऱ्या कशाचा ताप असला तर तिथं स्ट्रँगल्सची लागण होईल. डॉक्टरांना आत्ताच फोन करा.