पेंडल्टन कायद्याचं श्रेय चेस्टर आर्थर यांना द्यावं का?

दप्तरी: अमेरिकेचे २१वे राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर (१८८१-१८८५) यांना सुधारक म्हणायला लोक कचरतात. मी म्हणतो. १८७१ ते १८७८ ते न्यू यॉर्क बंदराचे कलेक्टर, म्हणजे तिथल्या सीमाशुल्काचे प्रमुख अधिकारी होते. देशाच्या सीमाशुल्काचा सर्वांत मोठा वाटा याच कस्टम हाउसमधून यायचा आणि तिथल्या नोकऱ्या सिनेटर रॉस्को काँकलिंग यांच्या गटाच्या हातात होत्या. नेमणूक पक्षाच्या शिफारशीवर व्हायची, मग पगारातला हिस्सा निवडणूक निधीत भरावा लागायचा. राष्ट्राध्यक्ष हेझ यांनी याच कारणाने आर्थरना तिथून हटवलं. त्याच माणसाने १६ जानेवारी १८८३ ला नोकरभरतीसाठी स्पर्धा परीक्षा आणणाऱ्या पेंडल्टन कायद्यावर सही केली आणि तो राबवलाही.

विरोधी मत: सहीचं श्रेय इतकं मोठं करू नका. २ जुलै १८८१ ला पद न मिळालेल्या चार्ल्स गिटोने राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि १९ सप्टेंबरला ते वारले, तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष आर्थर त्यांच्या जागी आले. लोकांचा संताप तिथून. विधेयक ओहायोचे डेमोक्रॅट सिनेटर जॉर्ज पेंडल्टन यांचं, मसुद्यात मुख्य हात सुधारणावादी वकील डॉर्मन ईटन यांचा. १८८२च्या निवडणुकीत आर्थर यांच्या पक्षाने, म्हणजे रिपब्लिकनांनी, प्रतिनिधीगृह गमावलं. पुढची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकही हातची जाईल या भीतीने, आपण नेमलेली माणसं टिकावीत म्हणून त्यांनी घाईने मतदान केलं: सिनेटमध्ये ३८ विरुद्ध ५, खालच्या सभागृहात १५५ विरुद्ध ४७. स्वतः आर्थर यांनी डिसेंबर १८८१च्या संदेशात केवळ परीक्षेवर भरती करण्याबद्दल शंका मांडली होती. त्यात अनुभवी माणसं मागे पडतील, असं त्यांचं म्हणणं होतं.

दप्तरी: त्याच संदेशात, काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, कायदा केला तर मनापासून राबवीन, असंही लिहिलंय. ते अर्धं वाक्य सोडू नये. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या काळात १८७१ ला नोकरभरती सुधारण्यासाठी एक आयोग झाला होता. काँग्रेसने पैसे देणं थांबवलं आणि तो निपचित पडला. त्या आयोगाचे शेवटचे अध्यक्ष ईटनच. पेंडल्टन कायद्याने परीक्षांसाठी नवा आयोग आणला, त्याच्या प्रमुखपदी आर्थर यांनी याच ईटनना बसवलं. सुधारणा कागदावरच ठेवायची असती, तर पक्षातला एखादा सोयीचा माणूस सहज सापडला असता.

कलम_वाचक: वाद श्रेयाचा आहे, पण कायदा आत कसा होता ते बघा. आयोगाचे ३ सदस्य, त्यातले एका पक्षाचे २ पेक्षा जास्त नकोत. खुली परीक्षा, वरच्या क्रमांकांतून निवड, मग कायम होण्याआधी काम अजमावण्याचा काळ. एकाच कुटुंबातले दोघं आधीच नोकरीत असतील तर तिसऱ्याला प्रवेश नाही. सरकारी इमारतीत पक्षनिधी मागितला तर ५,००० डॉलरपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण सुरुवातीला हे लागू झालं जेमतेम १४,००० पदांना, म्हणजे सुमारे दहाव्या हिश्श्याला. पोस्ट आणि कस्टमची कचेरी ५० किंवा जास्त कर्मचाऱ्यांची असेल तरच. हजारो गावांतले पोस्टमास्तर बाहेरच राहिले.

दुसरी उणीव बडतर्फीची. वर्गणी नाकारली म्हणून काढता येत नव्हतं, मात्र इतर कारणांसाठी सुनावणीची अट नव्हती. आत यायचं दार परीक्षेने बंद झालं की आपला माणूस घुसवण्यासाठी कुणी कुणाला काढणार नाही, असा हिशोब होता. प्रत्यक्षात कारण नोंदवूनच काढण्याचा नियम राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्या १८९७च्या आदेशाने आला आणि तो कायद्यात यायला १९१२ उजाडलं.

विरोधी मत: आणि पैशाचं काय? कारकुनांची वर्गणी आटली तसे पक्ष रेल्वे आणि कारखानदारांच्या दारी गेले. एक गळती बुजवली, दुसरी उघडली. शिवाय मे १८८२ ला चिनी मजुरांना १० वर्षं बंदी घालणाऱ्या कायद्यावरही आर्थर यांचीच सही आहे.

दप्तरी: तो डाग आहेच. २० वर्षांच्या बंदीचं आधीचं विधेयक त्यांनी नाकारलं होतं, एवढीच त्याला जोड. दहा वर्षांची बंदीही अन्यायच होती. पण कंपन्यांच्या देणग्यांचं खापर पेंडल्टन कायद्यावर फोडणं मला पटत नाही. त्या रोखणारा कायदा काँग्रेसने १९०७ पर्यंत केला नाही, हा दोष काँग्रेसचा.

कलम_वाचक: आपल्या वाचकांसाठी एक धागा: हेझ यांच्या सांगण्यावरून ईटन यांनी ब्रिटनच्या सनदी सेवेचा अभ्यास केला होता. तिथे खुल्या स्पर्धेचा पहिला मोठा प्रयोग १८५५ ला झाला, तो भारतातल्या सनदी नोकरीसाठी. आणि पेंडल्टन कायदा वाढला तो राष्ट्राध्यक्षाला आदेशाने नवी पदं यादीत घालायची मुभा होती म्हणून. पद सोडता सोडता राष्ट्राध्यक्ष आपली माणसं सुरक्षित करत गेले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जवळपास निम्म्या नोकऱ्या परीक्षेखाली आल्या होत्या.